शिलकेची मसलत

ज्याला स्वतःचे घर नाही अशा गृहस्थास आपल्याकडे एकच सल्ला मिळतो, आणि तो म्हणजे 'घर घ्या'. त्यामुळे त्याचे जिणे भाड्याचे असले तरी एकमार्गी, आणि म्हणूनच पुष्कळ अंशी निश्चिंत असते. परंतु दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, खरेदीखताच्या पानापानावर सह्या करता करता स्वतःचीच सही परक्याची वाटू लागेपर्यंत त्या ठोकून, तो एकदाचा मिळकतदार झाला, म्हणजे ज्या आप्तेष्टांनी आजवर त्याला एकमुखाने घराकडे लोटले तेच आप्तेष्ट 'आता पुढची तरतूद काय?' हा सवाल घेऊन दाही दिशांनी त्याच्यावर चालून येतात, आणि त्यांतील कोणाही दोघांचे एकमत असत नाही. माझे घराणे औसा तालुक्यातले आणि सौभाग्यवतींचे माहेर नांदेडचे; लातुरात औसा रस्त्याच्या अंगाला दुसऱ्या मजल्यावर मी फ्लॅट घेतला त्या वेळी वास्तुशांतीच्या पंक्तीला दोन्ही जिल्ह्यांचे अर्थशास्त्र मांडीला मांडी लावून बसले होते.

पुढच्या तरतुदीकडे वळण्यापूर्वी मागच्या तरतुदीचे काय झाले ते सांगणे इष्ट. बँकेने पंचवीस लाखांचे कर्ज, घर तारण ठेवून, साडेआठ टक्के दराने व वीस वर्षांच्या मुदतीने मंजूर केले. त्याचा मासिक हप्ता सुमारे २१,७०० रुपये. कर्जाच्या कागदांसोबत बँक एक कोष्टक देते, जे कोणी वाचीत नाही आणि ज्याने वाचले तो ते पुन्हा वाचीत नाही. त्यावरून असे दिसते की पहिल्या हप्त्यातील सुमारे १७,७०० रुपये व्याजापोटी जातात आणि मुद्दलात जमा होतात ते जेमतेम चार हजार. आमच्या भागातील चालू भावाने पाहता पहिल्या महिन्याच्या अखेरीस मी एका चौरस फुटाहून किंचित अधिक जागेचा मालक झालो. तीत उभे राहता येते, बसता येत नाही. वीस वर्षांनी पंचवीस लाखांचे बावन्न लाख भरून झाल्यावर मला मांडी घालून बसता येईल. आमचे मुख्याध्यापक, ज्यांना गणितात गोडी आणि दुसऱ्यांच्या गणितात विशेष गोडी आहे, त्यांनी दरवर्षी एक हप्ता जादा भरल्यास हेच बसणे साडेसोळा वर्षांत साधेल असे कागदावर करून दाखविले. तो जादा हप्ता कोठून आणावयाचा ही बाब त्यांच्या विषयात येत नव्हती.

तात्पर्य, हप्ता, किराणा, मुलीची शाळा, दूध, वीज आणि इमारतीचा देखभाल खर्च वजा जाता दरमहा चार हजार रुपये शिल्लक राहात असत, आणि एवढ्या चार हजारांच्या विनियोगासाठी जी मसलत बसली तीत एखाद्या संस्थानाचे अंदाजपत्रक सहज मंजूर झाले असते.

मसलतीला तोंड फोडले आजीने. ऐंशी ओलांडलेली ही बाई काठी टेकीत साऱ्या खोल्यांतून फिरली, भिंती थोपटल्या, वरचा माळा पाहिला, आणि शेवटी स्वयंपाकघरात येऊन तिने विचारले, "बळद कुठं काढलंय रे?" धान्य साठविण्याची ही खोली जुन्या मराठवाडी घरात देवघराइतकीच अपरिहार्य असे, शिवाय गावात ज्याची ऐपत त्याचे पेव, म्हणजे जमिनीत खोल खणलेले धान्याचे कोठार, जे उघडल्यावर आतली कोंदट हवा निघून जाईपर्यंत कोणी पाऊल घालू नये असा दंडक होता. बांधकाम व्यावसायिकाच्या माहितीपत्रकात मोटारीसाठी जागा होती, व्यायामासाठी जागा होती, ज्येष्ठ नागरिकांसाठी बाकही होते, बळद नव्हते. ज्वारी आम्ही दुकानातून पाच-पाच किलो आणतो, असे मी सांगताच तिने माझ्याकडे अपार करुणेने पाहिले आणि म्हणाली, "म्हंजी अजून भाड्यानंच राहायलास म्हण की."

या उद्गाराचे हसू पंक्तीत बराच वेळ पुरले. परंतु १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून सुकडीवर व परदेशातून आलेल्या लाल मिलोवर ज्यांनी दिवस काढले, त्यांच्या लेखी शिल्लक म्हणजे दाणे, आणि बाकी सर्व कागद. आजोबांचे मत याच्या नेमके उलट होते. ते निजामी अमलात वाढलेले. त्या अमलात हाली सिक्का चाले आणि इंग्रजी मुलुखातल्या रुपयाला कलदार म्हणत, व सात हालीला सहा कलदार हा बाजारातला सर्वसाधारण हिशेब. संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाल्यावरही हाली काही वर्षे तग धरून होता. १९५९ मध्ये तो चलनातून कायमचा गेला. आजोबांनी तांब्याच्या घागरीतून सात रुपये नेले आणि सहा घेऊन आले, आणि त्या दिवसापासून मरेपर्यंत 'सातातला एक कुठं गेला?' हीच त्यांची फिर्याद राहिली. मूल्य तेच असते, नाणे बदलते, हे त्यांना तहसीलीतल्या पेशकारापासून पोस्टमास्तरापर्यंत अनेकांनी समजावले. त्यांचे म्हणणे एवढेच, की मूल्य मी मोजले नाही, रुपये मोजले होते. आज महागाईच्या निर्देशांकावर व्याख्याने देणारे विद्वान जेव्हा याच्या नेमके उलट समजावू लागतात, की रुपये तेवढेच राहिले पण मूल्य गेले, तेव्हा मला आजोबांची आठवण होते. त्यांची फिर्याद फक्त बाजू बदलून पुन्हा दाखल झाली आहे.

थोरल्या काकांची शिल्लक पोत्यांत असते. त्यांचा बँकेवर अविश्वास नाही, बाजारावर अतिविश्वास आहे. २०२१ च्या पावसाळ्यात, हमीभाव चार हजारांच्याही आत असताना, लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा पल्ला ओलांडला. काकांनी आपला माल त्याच्या आधीच, रास झाल्याबरोबर, रीतसर विकून टाकला होता. तेव्हापासून त्यांच्या पुढच्या खोलीत सोयाबीनची थप्पी असते आणि पाहुण्याला तिच्यावरच बसावे लागते. पुढे भाव निम्म्यावर आला, २०२४ मध्ये ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्याही खाली गेला. पण "म्या ह्या डोळ्यानं दहा हजार बघितल्यात" या वाक्यापुढे कोणताही तक्ता टिकत नाही. माझ्या चार हजारांचे सोयाबीनच घ्यावे, दरमहा एक पोते, असा त्यांचा आग्रह होता. आणि दुसऱ्या मजल्यावर पोती चढविण्याची मजुरी ते सोडून देत होते.

आत्याने मात्र आवाज न चढविता सांगितले, की सोने घे. तिचे सासर किल्लारीच्या बाजूचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक नुकते निजले होते तेव्हा, दगडमातीच्या दोन-दोन, तीन-तीन फुटी भिंती आणि त्यांवरील मातीची अवजड माळवदे काही क्षणांत खाली आली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. उन्हाळ्यात गारवा देणारे, थंडीत ऊब देणारे, पिढ्यान्‌पिढ्यांची शिल्लक ज्यात मुरली होती असे ते घरच होते. पुढे बावन्न गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. पण आत्या कित्येक वर्षे पत्र्याखालीच निजत असे. धावत्या माणसाच्या अंगावर राहील तेवढेच आपले, हा तिचा सिद्धान्त आहे, आणि त्यावर विनोद करण्याची आमच्या घरात कोणाची छाती नाही.

नांदेडचा मेव्हणा मात्र विनोदाला भरपूर वाव देतो. "दाजी, घर म्हंजे खर्च, प्लॉट म्हंजे कमाई," हे त्याचे सूत्र, आणि त्याच्या खिशात नकाशा सदैव घडी करून ठेवलेला असतो. गेल्या काही वर्षांत नांदेडच्या चहूबाजूंनी शेतांत पांढरे दगड उगवले आहेत. जालन्याहून समृद्धी महामार्गाची शाखा येणार म्हणताच त्या दगडांना नवा बहर आला. या व्यवहारात अंतर किलोमीटरमध्ये न सांगता मिनिटांत सांगण्याचा शिरस्ता आहे: गुरुद्वाऱ्यापासून बारा मिनिटे, विमानतळापासून आठ मिनिटे, नियोजित चौकापासून शून्य मिनिटे. 'नियोजित' हा शब्द त्या नकाशावर ज्या औदार्याने पेरलेला असतो त्या औदार्याने खुद्द त्या रानात कधी हरभराही पेरला गेला नसेल. बिगरशेती परवाना आहे काय, असे विचारता "होणार हाय" असे उत्तर मिळते. हे मराठवाड्यातील महसुली व्याकरणाचे एक स्वतंत्र क्रियापद असून त्याला भूतकाळ नाही. मेव्हण्याने मला अर्धा गुंठा, म्हणजे सुमारे साडेपाचशे चौरस फूट रान, मित्रासोबत भागीत घेण्याचे सुचविले. अर्ध्या गुंठ्यावर घर बांधता येत नाही, ज्वारी पेरता येत नाही, आणि फेरफारालाही अडचण पडते, ही माझी शंका ऐकून तो हसला. प्लॉट वापरण्यासाठी घ्यावयाचा असतो, ही कल्पनाच त्याला ग्रामीण वाटली.

विमा प्रतिनिधी वास्तुशांतीला आहेर घेऊन येतात व अर्ज घेऊन जातात, त्यांच्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. आयुर्विमा महामंडळ १९५६ मध्ये २४५ संस्था एकत्र करून स्थापन झाले, त्याचे ब्रीद गीतेच्या नवव्या अध्यायातले आहे, आणि त्याच्या अनेक योजनांच्या नावात 'जीवन' हा शब्द येतो. अर्जातील सारा तपशील मात्र मरणोत्तर असतो. कमावत्या माणसाच्या डोक्यावर कर्ज असेल तर साधा मुदतीचा विमा असावा, हे मलाही मान्य आहे आणि तो मी घेतला. त्यात काही परत मिळत नाही हे ऐकून प्रतिनिधींचाच चेहरा पडला.

आमच्या शिक्षकवर्गात १ नोव्हेंबर २००५ ही तिथी शककर्त्यासारखी आहे. तिच्या आधी नोकरीस लागलेले ते जुन्या निवृत्तिवेतनाचे धनी, आणि नंतर लागलेले ते अंशदानाचे वारकरी. हे दोन वर्ण एकाच बाकावर बसून एकच डबा खातात. आता गंमत अशी, की ज्यांचे निवृत्तिवेतन निश्चित आहे तेच मला शेअर बाजारात उडी घेण्याचा, धाडस दाखविण्याचा सल्ला देतात आणि तरुणपणी जोखीम न घेतली तर कधी घ्यायची असे विचारण्याचा अधिकार बजावतात. आणि ज्यांचे काहीच निश्चित नाही ते बिचारे १९६८ साली सुरू झालेल्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत, पंधरा वर्षांच्या मुदतीने, ७.१ टक्क्यांवर, मान खाली घालून भरणा करीत असतात. जोखमीची महती तटावरून सांगण्याचा हा प्रकार प्राचीन आहे. तथापि एवढे खरे, की म्युच्युअल फंडाची जाहिरात संपता संपता एक मनुष्य श्वासही न घेता जे वाक्य म्हणतो, तेवढे तरी वाक्य बारा टक्के व्याज देणाऱ्या पतसंस्थांच्या उद्घाटनात कोणी सावकाशसुद्धा म्हणत नाही. बँक बुडाल्यास ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ते एकच लाख होते. पतसंस्थांना ते मुळीच नाही. तेथे संरक्षण म्हणून उद्घाटनास आलेल्या पाहुण्यांची मोठी रंगीत छायाचित्रे भिंतीवर असतात. संस्था बुडाल्यावर मोर्चा काढणाऱ्यांच्या हाती फलकावर लावण्यास तीच उपयोगी पडतात, म्हणजे तो खर्च अगदीच वाया जातो असे नाही.

ही सारी मसलत ऐकत असता माझ्या ध्यानी एक गोष्ट आली, की प्रत्येकजण माझ्या भविष्याविषयी बोलत असला तरी बंदोबस्त आपल्या भूतकाळाचा करीत होता. आजी १९७२ साठी ज्वारी भरीत होती, आत्या १९९३ साठी सोने अंगावर चढवीत होती, काका २०२१ साली हुकलेला सौदा दरसाल नव्याने जिंकू पाहात होते, आणि मेव्हण्याच्या वडिलांनी नांदेडच्या वजिराबादेत चालून आलेली जागा स्वस्तात नाकारली होती, ही कथा तर त्या घरात सत्यनारायणाच्या पोथीइतक्या वेळा वाचली गेली आहे. येऊन गेलेल्या संकटाला तोंड देण्यास आमचा मराठवाडा इतका सज्ज आहे, की येणाऱ्या संकटाने आधी वर्दी देऊन यावे, त्याची ओळख पटावी आणि ते मागच्यासारखेच असावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा आहे.

आणि ही केवळ गरिबांची खोड म्हणावी तर आमच्या पूर्वीच्या मालकांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. सातवा निजाम मीर उस्मान अली खान हा एके काळी जगातील सर्वांत श्रीमंत मनुष्य समजला जाई; १८४ कॅरटांचा जेकब हिरा तो कागद दाबण्यास वापरी, असे सांगतात. सप्टेंबर १९४८ मध्ये, पोलीस कारवाईने संस्थान शरण आल्यावर अवघ्या काही दिवसांत, त्याच्या मंत्र्याने लंडनमधील बँकेतून दहा लाख पौंडांहून किंचित अधिक रक्कम पाकिस्तानच्या लंडनमधील उच्चायुक्तांच्या खात्यावर वळती केली. आठवड्याभरात निजामाने ती परत मागितली. बँकेने दोन्ही बाजूंची संमती असल्याशिवाय पैसे देणार नाही असे कळविले. वारस, वकील, दोन सरकारे आणि अनेक न्यायमूर्ती यांच्या हातून फिरत तो दावा २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयात भारत सरकार व निजामाच्या वारसांच्या बाजूने निकालात निघाला. तोवर रकमेचे सुमारे साडेतीन कोटी पौंड झाले होते. म्हणजे एकाहत्तर वर्षांत पस्तीस पट. आमच्या मुख्याध्यापकांनी तत्काळ कागद ओढला आणि सांगितले, की हा दर दरसाल पाच टक्क्यांच्या आसपास पडतो, आणि हीच रक्कम आपल्या भविष्य निर्वाह निधीच्या आजच्या दराने वाढती तर १३० पट झाली असती. त्यांच्या चेहऱ्यावर निजामाविषयी किंचित अनुकंपा होती. चीनच्या युद्धानंतर निजामाने राष्ट्राला पाच हजार किलो सोने दान दिले, ही आख्यायिका हैदराबादेपासून नांदेडपर्यंत ऐकू येते. कागदोपत्री आढळते ते असे, की १९६५ मध्ये त्याने ४२५ किलो सोने राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोख्यांत, साडेसहा टक्के व्याजाने, गुंतविले. हे ऐकून आत्या प्रथमच हसली. सोने दिले ते दिले, पण पावती घेऊन दिले, एवढ्यावरून तिच्या लेखी तो मनुष्य मुळात शहाणा ठरला.

मसलत अनिर्णित राहिली. माझे स्वतःचे मत कोणी विचारले नव्हते, आणि विचारते तर मला ते सांगता आले नसते, कारण माझ्या वाट्याचे संकट कोणते हे मला तोवर उमगले नव्हते. ते इमारतीच्या सर्वसाधारण सभेत उमगले. बोअर आटला होता. टँकरचा खर्च वाढत होता. अध्यक्षांनी नवा बोअर घेण्याचा ठराव मांडून प्रत्येक सभासदास दरमहा चार हजार, असे काही महिने, वर्गणी सुचविताच सभेत जो गिल्ला झाला त्यात मी, शेअर बाजार व प्लॉट यांची माहितीपत्रके ज्याच्या पिशवीत त्या क्षणीही होती असा मी, सर्वांआधी हात वर करून बसलो. २०१६ च्या उन्हाळ्यात मी लातुरातच भाड्याच्या खोलीत होतो. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणे होतात म्हणून जमावबंदी लागली होती, म्हणजे चार-पाच घागरी घेऊन एकत्र उभे राहणे हा गुन्हा होता. आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाणी घेऊन रेल्वे आली तेव्हा तिला पाहण्यास लोक स्थानकावर असे लोटले, की जणू एखादा पुढारी डब्यातून उतरणार आहे. त्या पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी होते. हे आकडे मला मुलीच्या जन्मवेळेइतके पाठ आहेत.

प्रथम पाणाड्या आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो मोटारी लावण्याच्या जागेतून हिंडला, व्यायामाची जागा ओलांडली, आणि ज्येष्ठ नागरिकांच्या बाकापाशी नारळ उभा राहिला. तीन दिवसांनी यंत्राची गाडी आली. तिचा मालक स्पष्टवक्ता होता: पाणी लागो अगर न लागो, पैसे फुटावर; आणि जसजसे खोल जावे तसतसा फुटाचा दर वाढता. आजवर मी वाचलेल्या साऱ्या माहितीपत्रकांत इतका प्रांजळ मसुदा मला आढळला नव्हता. चारशे फुटांवर भुरका उडाला, पाचशेवर ओलसर माती येते आहे असे एकाला वाटले, सहाशेवर ते वाटणेही थांबले. यंत्र बंद करून मालकाने खाली जमलेल्या सभासदांकडे पाहिले, आणि मी सर्वांआधी हात वर केला होता हे लक्षात ठेवून सर्व सभासदांनी माझ्याकडे पाहिले.

"सर, आणखी पन्नास फूट घेऊ का? इथंच थांबलं तर सहाशे फुकट जायलेत."

आम्ही आणखी पन्नास फूट घेतले.